गुरुजी पुन्हा वर्गात

जुलै २०२३ मधली गोष्ट. सकाळी नाश्त्याच्या वेळी दस्तरखानावर वर्तमानपत्र उघडे होते. राज्य शासनाने ७ जुलैला निर्णय काढला होता की, जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिक्त जागांवर नवी भरती होईपर्यंत सेवानिवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने घ्यावे. मानधन महिना २० हजार रुपये, वयाची मर्यादा ७० वर्षे. आम्ही दोघेही जिल्हा परिषदेचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. बातमी मोठ्याने वाचली आणि खरे सांगायचे तर मनातून सुखावलो. शासनाला आपली आठवण झाली, असे वाटले.

समोर आमची पुतणी बसली होती. डी.एड. झालेली, पात्रता परीक्षा उत्तीर्ण, कित्येक वर्षे भरतीची वाट पाहणारी. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि एवढेच म्हणाली, "चाचा, तुम्हाला पेन्शन आहे. मला काय आहे?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही अर्ज केला नाही. पण प्रश्न तिथे संपलाही नाही. कारण मुले वर्गात होती आणि शिक्षक कमी होते, हेही तितकेच खरे होते. पगार न घेता, कोणाची जागा न अडवता आपण काही करू शकतो का? दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही आठवड्यातून दोन दिवस जंगलाच्या कडेला असलेल्या एका छोट्या प्राथमिक शाळेत जाऊ लागलो. या काळात जे पाहिले, शिकलो आणि चुकलो, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावेसे वाटते. आपल्या घराघरांत निवृत्त शिक्षक आहेत, आणि नोकरीची वाट पाहणाऱ्या मुलीही आहेत. हा लेख दोघांसाठी आहे.

दोन जिल्हे, अनेक भाषा

गडचिरोली हा पूर्वी चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा झाला. आम्ही नोकरीला लागलो ते याच वर्षांत, त्यामुळे ही तारीख आमच्या चांगलीच लक्षात आहे. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरहून अधिक, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम पावणेअकरा लाख. निम्म्याहून कितीतरी जास्त जमीन जंगलाखाली. गडचिरोली शहरातून सिरोंच्याला जायचे तर सुमारे दोनशे किलोमीटर. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा, सिमेंट आणि वीज यांचा गजबजाट असला, तरी चिमूर, सिंदेवाही, मूल, सावली, पोंभुर्णा, जिवती या तालुक्यांत शिरले की गावे लहान आणि जंगल मोठे.

लहान गाव म्हणजे लहान शाळा. शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत आणि प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कागदावर हे चांगलेच आहे. पण दोन शिक्षकांची शाळा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सहज कळत नाही. चार-पाच इयत्ता आणि दोन गुरुजी. एका खोलीत पहिली, दुसरी आणि तिसरी एकत्र. एकाला अक्षर ओळखायचे आहे, दुसऱ्याला वाक्य वाचायचे आहे, तिसऱ्याला हातच्याची वजाबाकी. त्यात एक गुरुजी बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेले, की सगळी शाळा एकट्यावर. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे कागद, मतदारयादीचे काम ही यादी वेगळीच. कायद्याने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. पण प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे की कागद कुठून ना कुठून येतच राहतो.

आणि भाषा? भामरागडकडे माडिया, धानोरा-एटापल्लीकडे गोंडी-माडिया, कोरचीकडे छत्तीसगडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या निर्वासितांची बंगाली. वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली. जिवतीच्या डोंगरात कोलामी, शिवाय मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची मराठी. या सगळ्या मुलांच्या हातात पहिलीत एकच मराठी पुस्तक पडते.

एक छोटे उदाहरण देतो. गोंडीत ‘नार’ म्हणजे गाव. मराठी कवितेत ‘नार’ म्हणजे स्त्री. ‘एर’ म्हणजे पाणी. सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ हजारो शब्द असतात, पण गुरुजींना त्यातला एकही कळत नाही. मूल गप्प बसते. गुरुजी म्हणतात, "याला काही येत नाही." आम्हीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत असेच म्हणायचो. आज त्याची लाज वाटते.

वास्तविक आपल्या लोकांना हे दुखणे समजायला हवे. आपल्या किती घरांत आजी-आजोबा उर्दू किंवा दखनी हिंदी बोलतात आणि मूल मराठी शाळेत जाते? पहिल्या दिवशी ‘पानी’ म्हणालेल्या मुलाला वर्गात हसे झाल्याची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. माडिया मुलाचे अंतर त्याच्या दहापट आहे, एवढाच फरक.

आमची पहिली चूक

पहिल्याच आठवड्यात आम्ही मोठ्या उत्साहाने खडू हातात घेतला. पस्तीस-छत्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेली माणसे आम्ही. सवय जात नाही. तिसरीला पाढे घेतले, चौथीला शुद्धलेखन. वर्ग एकदम शांत झाला. आम्हाला वाटले, काय शिस्त आहे! तरुण गुरुजी मागे भिंतीला टेकून उभे होते.

मधल्या सुट्टीत चाची त्यांच्याशी बोलत बसल्या, तेव्हा उलगडा झाला. ते अगदी संकोचून म्हणाले, "मॅडम, तुम्ही गेल्यावर मुलं मला विचारतात, मोठे गुरुजी परत कधी येणार? ते कडक आहेत, म्हणतात." त्या वर्गात ते मुलांशी मोडक्या का होईना, गोंडीत बोलत होते. मुले त्यांच्याशी बोलायला लागली होती. आम्ही आलो आणि मुलांची तोंडे पुन्हा बंद झाली. आमच्या ‘शिस्तीने’ त्यांची सहा महिन्यांची मेहनत दोन दिवसांत मागे नेली होती.

त्या दिवशी एसटीत परत येताना आम्ही दोघे फारसे बोललो नाही. एकाचे तिकीट पूर्ण, दुसरीचे महिला म्हणून अर्धे. एवढाच काय तो विनोद. घरी आल्यावर ठरवले की यापुढे फळा गुरुजींचा. आपण वर्गाच्या कोपऱ्यात किंवा व्हरांड्यात बसायचे. गुरुजी सांगतील ती चार-पाच मुले आपल्याजवळ येतील. त्यांच्याबरोबर वाचायचे, त्यांचे ऐकायचे, आणि उठून जायचे.

निवृत्त शिक्षकाला ही गोष्ट सर्वांत कठीण जाते. आयुष्यभर आपण वर्गाचे मालक होतो. आता पाहुणे व्हायचे असते.

चार मुले, एक तास

मग आम्ही करतो तरी काय? अगदी साधे काम. दुसरी-तिसरीतली जी मुले वाचनात मागे राहिली आहेत, त्यांतली चार-पाच मुले घेऊन बसतो. प्रत्येकाला आपली पाळी मिळते. ३० मुलांच्या वर्गात गुरुजी एका मुलाचे वाचन आठवड्यातून कितीदा ऐकू शकतील? आम्ही प्रत्येकाचे रोजच्या भेटीत दोनदा ऐकतो. मूल कुठे अडते, ते समजते. एक मुलगी ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये अडायची. एक मुलगा शब्द नीट वाचायचा, पण अर्थ विचारला की खिडकीबाहेर पाहायचा. कारण शब्द मराठी होता, त्याचा नव्हता.

म्हणून आम्ही शब्द त्यांच्या घरातून घेतले. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या. त्यांवर मोह, बोडी, रोवणी, तेंदू, मचाण, टोपली असे शब्द लिहिले. मुलांनी सांगितलेले गोंडी शब्दही देवनागरीत लिहिले. आम्ही चुकीचा उच्चार केला की मुले खो-खो हसतात आणि आम्हाला सुधारतात. ज्या मुलाला आयुष्यात कोणी विचारले नव्हते, ते मूल आता गुरुजींचे गुरुजी होते. त्यानंतर ते मराठी शब्द वाचायलाही लाजत नाही.

गणिताची एक गंमत. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम असतो. सगळे घर पहाटे पाने तोडायला जाते आणि दुपारी मुले पुडे बांधायला बसतात. एका पुड्यात ७० पाने. जो मुलगा वहीत ३५ अधिक ३५ करताना बोटे मोजत होता, त्याला विचारले, "अर्धा पुडा किती पानांचा?" तो झटकन म्हणाला, "पस्तीस." मग आम्ही सगळी उदाहरणे पुड्यांवर घेतली. दहा पुड्यांची पाने किती, तीन पुड्यांतून वीस पाने फाटकी निघाली तर चांगली किती. त्याला गणित येत होते. त्याला फक्त आमची भाषा येत नव्हती.

इथले शाळेचे वेळापत्रकही जंगल ठरवते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला मुले पहाटे आईबरोबर जातात आणि वर्गात पेंगतात. रोवणीच्या दिवसांत मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटेचे पाणी पुलावरून गेले की गावे तुटतात. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. आणि ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत वाघ दिसल्याची बातमी आली की त्या दिवशी मुले शाळेत येत नाहीत, आलीच तर मोठ्यांच्या सोबतीने. गैरहजेरीचे कारण हजेरीपटात मावत नाही. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. तो घरी जाऊन विचारू शकतो, आणि मूल परत आल्यावर मागे राहिलेला धडा त्याच्याबरोबर बसून पुरा करू शकतो.

आपल्याआधी चाललेली माणसे

हे काही आम्ही शोधून काढलेले नाही. या वाटेवर फार मोठी माणसे चालून गेली आहेत.

राजुरा-जिवतीच्या पलीकडे, आताच्या तेलंगणात, मारलवाई नावाचे गोंड गाव आहे. तो मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजुराही त्याच संस्थानात. कोमरम भीमच्या १९४० च्या लढ्यानंतर आदिवासींचे हाल समजून घेण्यासाठी निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हैमनडॉर्फ यांच्याकडे काम सोपवले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. राज्यकारभाराची भाषा उर्दू असलेल्या संस्थानात मुलाला पहिली अक्षरे त्याच्या भाषेत द्यावीत, हा विचार ८० वर्षांपूर्वी झाला होता. आपल्या घरांत निजामाच्या काळाच्या गोष्टी निघतात, तेव्हा हीदेखील सांगायला हवी.

बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांच्या साथीदारांनी प्रथम माडिया शिकून घेतली, मग लोक जवळ आले. तिथली शाळा १९७६ पासून चालते. आणि अलीकडचे उदाहरण म्हणजे धानोरा तालुक्यातील मोहगाव. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या निर्णयाने गोंडी माध्यमाची शाळा उभी केली. आपल्या मुलांनी कोणत्या भाषेत शिकावे, हे गावाने स्वतः ठरवले.

वयाची सबब सांगणाऱ्यांसाठी ताराबाई मोडक यांची आठवण पुरेशी आहे. त्यांचा जन्म १८९२ चा. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. सोबत अनुताई वाघ. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत काम करत राहिल्या. आज आपण जिल्हा परिषदेच्या नियमाने ५८ व्या वर्षी ‘संपलो’ असे समजतो.

बाहेरच्या देशांतही हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘एक्स्पीरियन्स कोअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. साठीच्या पुढची माणसे प्राथमिक शाळांत आठवड्याला साधारण १५ तास मुलांना वाचायला मदत करत. बाल्टिमोर शहरात त्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने अभ्यास केला. त्यात मुलांबरोबरच या वृद्धांचाही फायदा दिसला. त्यांची हालचाल वाढली, दिवस भरलेला राहिला. सुगत मित्रा यांच्या पुढाकाराने २००९ पासून इंग्लंडमधल्या आजी, त्यांत निवृत्त शिक्षिकाही, संगणकाच्या पडद्यावरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारू लागल्या. पुढे भारतात उभारलेल्या त्यांच्या केंद्रांपैकी एक आपल्या फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत होते. त्या आजींचे काम शिकवणे नव्हतेच. मूल काही करून दाखवते, तेव्हा आजी जशी कौतुकाने "अगं बाई, हे तुला कसं जमलं?" म्हणते, तेवढेच त्यांनी करायचे होते.

हे वाचून आम्हाला गंमत वाटली. आमच्या अम्मीला अक्षर ओळखता येत नव्हते, पण अभ्यास करताना ती कंदिलाजवळ बसून राहायची. आम्ही शिकलो त्यात तिच्या बसण्याचा वाटा किती, ते आता समजते.

पुतणीचा प्रश्न

आता त्या दस्तरखानावरच्या प्रश्नाकडे परत येऊ. कारण तो टाळून हा लेख पुरा होऊ शकत नाही.

२०२३ च्या निर्णयावर बेरोजगार डी.एड., बी.एड. उमेदवार आणि शिक्षक संघटना नाराज झाल्या. मग ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे नेमक्या शिक्षक दिनी, आणखी एक निर्णय आला. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एका जागेवर सेवानिवृत्त शिक्षक किंवा पात्र बेरोजगार उमेदवार कंत्राटी पद्धतीने, महिना १५ हजारांवर घ्यायचा. याचा सर्वांत मोठा फटका कोणाला बसला असता? चंद्रपूर-गडचिरोलीच्याच पाड्यांना, कारण लहान पटाच्या शाळा इथेच जास्त. विरोध झाला, पटाची अट बदलली, आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला.

या सगळ्यातून आमचे मत पक्के झाले आहे. रिकामी जागा ही पूर्ण पगाराच्या तरुण शिक्षकाचीच आहे. शिक्षण हक्क कायदाच म्हणतो की रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावीत. निवृत्त माणूस स्वस्तात मिळतो म्हणून शासनाने भरती लांबवली, तर आपण मुलांचेही नुकसान करू आणि आपल्याच मुली-सुनांचेही. स्वयंसेवकाचे काम शिक्षकाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. ज्या दिवशी मुख्याध्यापक म्हणतील, "आज दोन्ही गुरुजी नाहीत, शाळा तुम्हीच सांभाळा," त्या दिवशी एक वेळ मदत करावी. पण तसे रोज होऊ लागले, तर शाळा व्यवस्थापन समितीला सोबत घेऊन गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे शिक्षकाची मागणी करावी. त्या अर्जावर आपली सही असावी. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत कागद कसा हलवायचा, हे आपण शिकलेलो असतो. ते ज्ञानही गावाच्या कामी यावे.

पुतणीला आम्ही एकदा म्हणालो, "तूही चल ना आमच्याबरोबर, तेवढाच अनुभव मिळेल." ती म्हणाली, "मी फुकट शिकवायला लागले, तर मला पगार कोण देईल?" आम्हाला ते पटले. आम्हाला निवृत्तिवेतन आहे, म्हणून आम्ही फुकट जाऊ शकतो. तिने तसे जाऊ नये. पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसाला सेवेचा उपदेश करू नये, हे तिने आम्हाला शिकवले.

ज्यांना सुरुवात करायची आहे

अनेक ओळखीचे निवृत्त शिक्षक विचारतात की कुठून सुरू करावे. आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट परवानगीची. केंद्र शासनाची ‘विद्यांजली’ योजना आहे. तिची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. त्यात शाळा आपली गरज नोंदवते आणि स्वयंसेवक आपले नाव. पण कागदोपत्री नोंद झाली तरी मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. गावाने "या" म्हटले पाहिजे.

दुसरी, दिवस कमी ठरवा पण मोडू नका. आठवड्यातून एकच दिवस गेलात तरी चालेल. मूल मंगळवारी वाट पाहत असेल आणि तुम्ही लग्नाला गेलात, तर त्याच्या लेखी तुम्हीही न येणाऱ्यांपैकी एक झालात. जाता येणार नसेल तर आधीच्या भेटीत मुलांना सांगा.

तिसरी, जुन्या सवयी घरी ठेवा. आमच्या काळात छडी होती. आज कायद्याने शिक्षा करण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. परीक्षा, गुण, हजेरी यांत हात घालू नका. शिक्षकांच्या चुका गावात सांगू नका. मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसू नका. व्हरांडा किंवा उघडा वर्ग बरा. मुलांचे फोटो काढून फोनवर फिरवू नका.

चौथी, शाळेत आपण फक्त शिक्षक. कोणाच्या श्रद्धेवर बोलायचे नाही, आपली सांगायची नाही. गावाचा सण असेल, देवाची जत्रा असेल, तर आदराने बाजूला बसावे. विश्वास असाच कमावला जातो. पहिल्या महिन्यात आम्हाला चहा विचारणारे एक घर होते. आता कोणाच्या घरी नाही म्हणावे, हा प्रश्न पडतो.

पाचवी, स्वतःची काळजी. गुडघे, रक्तदाब, साखर हे आपले सोबती आहेत. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या. जंगलाच्या रस्त्यावर दिवेलागणीच्या आत परत फिरा. शक्यतो दोघे मिळून जा. पती-पत्नी असतील तर उत्तमच. दुर्गम भागात जाणे जमत नसेल तर जाऊ नका. आपल्याच मुहल्ल्याजवळ नगर परिषदेची किंवा महानगरपालिकेची मराठी शाळा असते, उर्दू शाळा असते. तिथेही दुसरी-तिसरीतली मुले अडखळत वाचतात. देशाचे ‘निपुण भारत’ अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले, तेच तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि साधे गणित करता यावे यासाठी. हे मूल गडचिरोलीच्या पाड्यावरचेच असेल असे नाही. ते तुमच्या गल्लीतही असते.

आपल्या समाजात एक गोष्ट लहानपणापासून सांगितली जाते. माणूस गेल्यावर त्याची कर्मे थांबतात, पण लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान चालू राहते. सदका-ए-जारिया म्हटले की आपल्याला विहीर, पाणपोई, मशिदीचा पंखा आठवतो. ज्याने ३५ वर्षे अक्षरे शिकवली, त्याच्याकडची विहीर तर आधीच खोदलेली आहे. तिच्यावर झाकण ठेवून बसायचे, की दोर-बादली बाहेर काढायची, एवढेच ठरवायचे आहे. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात जोतीरावांना लिहिताना शाळेच्या कामात राबणाऱ्या फातिमाची आठवण काढली आहे. तिच्याविषयी माहिती फार थोडी उरली आहे. पण त्या पत्रात ती आहे, आणि शाळेच्या कामात आहे. आपल्या मुलींना सांगायला तेवढे पुरे.

परवा त्या ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये अडणाऱ्या मुलीने एक पानभर गोष्ट न थांबता वाचली. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटले आणि शेजारच्या मुलाला तीच गोष्ट तिच्या भाषेत सांगितली. आम्हाला त्यातले चार शब्द समजले. तरुण गुरुजींना जवळजवळ सगळे समजले. ते हसत होते.

पुतणी अजून वाट पाहते आहे. नव्या भरतीचा अर्ज भरताना तिने भाषेच्या रकान्याजवळ थांबून विचारले, "चाचा, गोंडी शिकायला किती दिवस लागतील?" आम्ही आमची शब्दांची वही तिच्यापुढे ठेवली. तीत आतापर्यंत तीनशेच्या वर शब्द झाले आहेत. सगळे मुलांनी सांगितलेले.